पिंडाविना

भाद्रपदाचा वद्य पंधरवडा लागला की शेजारच्या गच्च्यांवर पानं दिसू लागतात. भात, वडे, खीर, गवारीची भाजी, आणि कठड्यापाशी हात जोडून कावळ्याची वाट बघणारं कुणीतरी. आमच्या वस्तीत त्या पंधरा दिवसांत कुणी पान वाढून ठेवत नाही. आमची गेलेली माणसं जेवायला येत नाहीत. त्यांनीच तसं सांगून ठेवलं आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला, दसऱ्याच्या दिवशी, नागपूरच्या मैदानात बाबासाहेब आंबेडकरांबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेताना, त्यांनी बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. त्यांतली सहावी श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची होती. देव सोडताना त्यांनी आपल्या मरणानंतरचा घासही सोडून दिला.

ती पिढी आता संपत आली. त्या दिवशी बापाच्या खांद्यावर बसून आलेली पोरंही सत्तरी ओलांडून गेली आहेत. महिन्या-दोन महिन्यांनी वस्तीत कुणीतरी जातं. पांढरं कापड, मेणबत्त्या, त्रिशरण-पंचशील, नंतर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम. मांडवात बोलणारे उठतात आणि म्हणतात, यांनी बाबासाहेबांच्या हातून दीक्षा घेतली होती. मंडप क्षणभर गप्प होतो. मग पुढचा वक्ता उभा राहतो. ज्यांनी शोकाचे सगळे जुने विधी स्वतःच्या हातानं परत केले, त्यांच्यासाठी काय करावं, हा प्रश्न मला त्या मांडवात दर वेळी पडतो. त्यांनी काय सोडलं आणि कसं सोडलं, ते नीट आठवावं, एवढंच मला सुचतं.

त्याआधी त्यांना काय हवं होतं ते सांगायला पाहिजे.

त्यांना विठ्ठल हवा होता. चौदाव्या शतकात चोखोबाला तो हवा होता. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधताना ती अंगावर पडली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर ढिगाऱ्याखाली गेला. नामदेव त्याची हाडं शोधायला गेले, आणि ज्या हाडांतून विठ्ठलाचं नाव ऐकू आलं ती त्यांनी उचलली, अशी कथा आहे. पंढरपूरला महाद्वारासमोर त्याची समाधी आहे. जिवंतपणी आत जाता आलं नाही, मेल्यावरही जागा मिळाली ती दाराबाहेर. त्याच्या महार जातीची माणसं पुढं सहाशे वर्षं वारीला जात राहिली, त्या समाधीवर डोकं टेकून माघारी फिरत राहिली. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केलं, तेव्हा विठ्ठलाचं दार उघडलं. गुरुजींच्या कळवळ्याबद्दल मला शंका नाही. पण तोवर फार उशीर झाला होता.

त्यांना रामही हवा होता. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारखी माणसं पुढं होती, मागं खेड्यापाड्यांतून चालत आलेले हजारो लोक होते. मंदिराचे दरवाजे बंद झाले. रामनवमीच्या रथाच्या वेळी त्यांच्यावर दगड पडले. रक्त पुसून ते पुन्हा दाराशी जाऊन बसले, आणि असं वर्षांमागून वर्षं चाललं. ज्या रामासाठी त्यांनी दगड खाल्ले, त्याला देव न मानण्याची प्रतिज्ञा नागपूरला दुसरी होती. म्हणून या लोकांना श्रद्धेची किंमत कळली नाही, असं कुणी म्हणू नये. श्रद्धेसाठी इतकं सोसलेली माणसं फार थोडी असतील.

आणि ज्या बाबासाहेबांनी त्यांना या वाटेवर आणलं, त्यांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या उगमावरचा आपला ग्रंथ तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला: नंदनार, रविदास आणि चोखामेळा. देवाची संगत सोडायची ठरली होती, चोखोबाची सोडली नव्हती. मला हे फार मोलाचं वाटतं.

१३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याच्या परिषदेत बाबासाहेब बोलले. हिंदू म्हणून जन्माला येणं हाती नव्हतं, पण हिंदू म्हणून मरणार नाही, या अर्थाचे त्यांचे शब्द आज शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहेत. तिथून नागपूरपर्यंत एकवीस वर्षं आणि एक दिवस गेला. १९३६ साली मुंबईत नायगावला महार परिषद भरली, तिथं त्यांनी धर्मांतर का करायचं याचा एकेक मुद्दा लोकांपुढं उलगडून मांडला. पुढं वाचन, प्रवास, वाटाघाटी, घटना, कायदेमंत्रिपद, राजीनामा, दुखणी. लोक वाट बघत राहिले. या एकवीस वर्षांचा विचार करताना मला नागपूरला पोहोचलेल्यांपेक्षा न पोहोचलेले जास्त आठवतात. येवल्याहून घरी गेलेले, बाबासाहेब सांगतील त्या दिवशी निघू म्हणून मनाची गाठ बांधून बसलेले, आणि त्याआधीच पटकीनं, क्षयानं, बाळंतपणात गेलेले. त्यांच्या मागं दहावं-तेरावं झालं असेल, पिंड ठेवला गेला असेल. आतून ते केव्हाच बाहेर पडलेले होते आणि त्यांना तसं मोठ्यानं म्हणायचा दिवस मिळाला नाही. त्यांचं स्मरण कुठल्याच मांडवात होत नाही. ते इथं करतो.

मग तो दिवस आला. नागपूरला बौद्धजन समितीचे वामनराव गोडबोले आणि त्यांचे सहकारी तयारी करत होते. व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळचं ते मोकळं मैदान. बाबासाहेब आणि त्यांच्या पत्नी माईसाहेब श्याम हॉटेलात उतरले होते. रेल्वेचे डबे भरून लोक आले, बैलगाड्यांनी आले, पायी आले. दागिना विकून, उसनवारी करून तिकिटाचे पैसे उभे केलेले होते. पांढरी लुगडी, पांढरी धोतरं. ज्यांच्या अंगावर वर्षानुवर्षं दुसऱ्याचं उतरलेलं कापड असायचं, त्यांनी स्वतःच्या पैशानं धुवट पांढरं घेतलेलं. तीन लाख म्हणतात, पाच लाखही म्हणतात.

कुशीनगरचे महास्थविर चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशातले, तेव्हाच्या भारतातले सर्वांत वयोवृद्ध भिक्खू. त्यांनी पाली भाषेत शरणं आणि शीलं म्हटली, आणि बाबासाहेब-माईसाहेब त्यांच्यामागून म्हणत गेले. बाबासाहेबांचे पाय तेव्हा साथ देत नव्हते, हातात काठी होती, आधाराला माणूस होता. पण स्वतःची दीक्षा झाल्यावर ते लोकांकडं वळले आणि ज्यांना धम्म घ्यायचा आहे त्यांनी उभं राहा, असं त्यांनी सांगितलं. सगळं मैदान उठलं. मग त्यांनी एकेक प्रतिज्ञा सांगितली आणि लाखांचा आवाज ती परत म्हणू लागला. ब्रह्मा-विष्णु-महेश, राम-कृष्ण, गौरी-गणपती. सगळी माणसं समान. सर्व प्राण्यांवर दया. चोरी नाही, खोटं नाही, व्यभिचार नाही, दारू नाही. एकोणिसावी प्रतिज्ञा हिंदू धर्माचा त्याग करून बुद्धाचा धम्म स्वीकारण्याची. एकविसावी आज आपला नवा जन्म होत असल्याची.

प्रतिज्ञांचा क्रम लक्षपूर्वक वाचला की एक गोष्ट कळते. नाकारणं सुरुवातीच्या काहींतच आटोपतं. उरलेल्या जवळजवळ सगळ्या, रोज कसं जगायचं त्याच्या आहेत. आमच्या विरोधकांनी फक्त पहिल्या आठ वाचल्या. आणि खरं सांगायचं तर आमच्यातल्याही अनेकांनी तेवढ्याच पाठ केल्या. दारू न पिण्याची प्रतिज्ञा देव न मानण्याच्या प्रतिज्ञांपेक्षा अवघड होती. ती ज्यांनी मरेपर्यंत पाळली, त्यांच्यापुढं मी वाकतो.

मैदानात लाखांबरोबर म्हणणं एक आणि घरी परतून देवळीतल्या देवांकडं बघणं एक. माझी आजी त्या दिवशी नागपूरला होती. घरी आल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी तिनं देव काढले. पितळेचे टाक, शेंदूर लावलेला तांदळा, कवड्यांची माळ, परडी, हळदीचा भंडारा. सासूनं तिच्या हाती दिलेलं ते सगळं. मरीआई तर आमच्याच लोकांची. गावात पटकी आली की तिचा गाडा ओढायला, तिची ओटी भरायला, तिचा कोप अंगावर घ्यायला आमच्या माणसांना बोलावत. आजीनं त्या सगळ्याचं गाठोडं बांधलं, नदीच्या डोहाकडं नेलं आणि पाण्यात सोडलं. हे ती सांगायची तेव्हा तिच्या आवाजात विजयाचा सूर नसायचा. ‘माहा हात कापे बाबू, पन सोडलं,’ एवढंच म्हणायची.

त्याच हिवाळ्यात घरात गोवर आली. माझ्या वडिलांची थोरली बहीण चार वर्षांची होती. गावात बोलणं सुरू झालं की माय कोपली, हिनं तिला पाण्यात बुडवली. नातलग बायकाही रात्री येऊन हळूच सांगून गेल्या, एक नारळ ठेव, कुणाला कळणार नाही. आजीनं नारळ ठेवला नाही. मुलीला मांडीवर घेऊन नुकतेच पाठ झालेले पाली शब्द ती रात्रभर म्हणत राहिली. अर्थ तिला कुणी सांगितला नव्हता, पण हे शब्द आपल्याला कुणाच्या पाया पडायला लावत नाहीत, एवढं तिला समजलं होतं. मुलगी गेली. गावानं तो देवीचा न्याय मानला. आजी देवीकडं परत गेली नाही, त्या वर्षी नाही, पुढच्या साठ वर्षांत नाही. मी धर्मशास्त्रावरची पुस्तकं वाचली, वादविवाद ऐकले. त्या रात्री न ठेवलेल्या नारळाएवढं मोठं काही मला त्यात सापडलं नाही.

प्रत्येकीला हे जमलं नाही. काही घरांत देव पाण्यात न जाता माळ्यावर गेले, फडक्यात गुंडाळून, डाळीच्या मडक्यामागं. नवरा बुद्धविहारात गेला की बायको हळूच पाचवी पुजायची, बाळाच्या कपाळावर सटवाई लिहून जाईल म्हणून. त्या बायकांवर आमच्या चळवळीतल्या पुरुषांनी फार कोरडे ओढले. मला ते कधी पटलं नाही. लेकरू मांडीवर तापानं फणफणत असताना शतकांची भीती एका सकाळी जात नाही. सोडलेलं आणि न सुटलेलं दोन्ही एकाच घरात राहिलं, आणि त्या ओढाताणीतूनच पुढची पिढी मोकळी झाली.

गावानं किंमत वसूल केली. दीक्षा घेऊन आलेल्यांनी मेलेलं ढोर ओढायचं नाकारलं, येसकराची काठी ठेवून दिली, दारोदार भाकर मागणं बंद केलं, पोळ्याला आणि जत्रेला वाजवायला जाणं थांबवलं. दुकानदारानं मीठ दिलं नाही. शेतावरची मजुरी थांबली. जनावरं चरायला सोडायची जागा बंद झाली. ज्या कामांत अपमान होता त्याच कामांत घरचा दाणाही होता, हे विसरून चालणार नाही. त्यांनी एकाच दिवशी दोन्ही सोडलं. महार वतन कायद्यानं संपवलं गेलं ते नंतर, १९५८ च्या कायद्यानं. कायदा येण्याआधी कित्येकांनी ते मनातून आणि अंगातून काढून टाकलं होतं.

सरकारी कागदानंही किंमत मागितली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा माणूस हिंदू असणं बंधनकारक होतं. १९५६ मध्ये त्यात शीख आले. बौद्ध झालेल्याला केंद्राच्या सवलती मिळेनात. गावकुसाबाहेरचं घर तेच, विहिरीवरची बंदी तीच, पण कागदावर तो आता अस्पृश्यतेचा वारस नव्हता. महाराष्ट्रानं नवबौद्धांना आपल्या सवलती दिल्या, केंद्राचं दार मात्र १९९० ला व्ही. पी. सिंग यांच्या सरकारनं उघडलं. मधली चौतीस वर्षं. या चौतीस वर्षांत किती हुशार पोरांनी अर्जातल्या धर्माच्या रकान्यापुढं पेन थांबवलं असेल. जुना शब्द लिहिला तर नोकरीची शक्यता, नवा लिहिला तर बापानं मैदानात म्हटलेलं खरं. ज्यांनी नवा लिहिला त्यांतले पुष्कळ कारकूनही न होता मेले. ज्यांनी पोटासाठी जुना लिहिला, त्यांना दोष देण्याचा हक्क मला नाही.

तरीही जनगणनेचा माणूस दाराशी आला तेव्हा लोकांनी उत्तर दिलं. १९५१ साली सगळ्या भारतात बौद्ध होते सुमारे १ लाख ८० हजार. १९६१ साली ते ३२ लाखांच्या वर गेले, आणि त्यातले बहुसंख्य महाराष्ट्रातले होते. त्यांतल्या बहुतेकांना लिहिता येत नव्हतं. त्यांनी तोंडानं सांगितलं आणि दुसऱ्यानं लिहिलं.

पोरांची नावं बदलली. आजोबांच्या पिढीत कचरू, दगडू, धोंडी असायचे. नाव वाईट ठेवलं की मरण फिरकत नाही, अशी समजूत. नागपूरनंतरच्या पाळण्यांत सिद्धार्थ आले, गौतम, राहुल, सुजाता, संघमित्रा आल्या. गावची मंडळी ती नावं मुद्दाम मोडून उच्चारत. आया दारात उभ्या राहून पूर्ण नावानं हाक मारत, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी.

गाणं मात्र कुणी सोडलं नाही. जात्यावर विठ्ठलाच्या ओव्या म्हणणाऱ्या बायांनी जातं तेच ठेवलं, चाल तीच ठेवली आणि ओवीत भीमराव आणला. कुणी त्याला भाऊ म्हणालं, कुणी बाप. वामनदादा कर्डक खेड्याखेड्यांतून गात फिरले. २००४ साली ते गेले तेव्हा त्यांची गाणी हजारोंच्या तोंडी होती. ज्या लोकांना पोथी कधी हाती धरू दिली नाही, त्यांनी आपला धम्म गळ्यात ठेवला. आज ती जाती फुटली, त्या बायाही चालल्या. त्यांच्या ओव्यांतल्या काही जमवल्या गेल्या आहेत. पुष्कळ त्यांच्याबरोबरच गेल्या.

बाबासाहेब दीक्षेनंतर त्रेपन्न दिवस जगले. १६ ऑक्टोबरला चंद्रपूरलाही दीक्षा झाली. मुंबईची १६ डिसेंबरला ठरली होती. ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचं निधन झालं, आणि देह विमानानं मुंबईत आला. ७ तारखेला दादरच्या चौपाटीवर, चितेसमोर, मुंबईच्या लोकांनी दीक्षा मागितली. भदंत आनंद कौसल्यायन यांनी ती दिली. लाखाहून अधिक माणसं रडत रडत शरणं म्हणत होती. नागपूरला लोकांनी उत्सवात धर्म सोडला होता, इथं शोकात. ज्यांनी सांगायचं ते आता नाहीत, परत फिरायला कुणी अडवणार नाही, हे प्रत्येकाला दिसत होतं. तरी कुणाला परत फिरावंसं वाटलं नाही. माणूस गेल्यावर काय करायचं, याचं उत्तर त्या संध्याकाळी आमच्या लोकांनी शोधून काढलं. गेलेल्याचा शब्द पुढं म्हणायचा. चौपाटीवरच्या त्या लोकांचीही नावं आज कुणाला सांगता येत नाहीत.

नागपूरच्या त्या मैदानावर, आजच्या दीक्षाभूमीवर, आता स्तूप उभा आहे, २००१ साली त्याचं लोकार्पण झालं. अशोक विजयादशमीला लाखो लोक येतात, पुस्तकांची दुकानं मैलभर लागतात, खेड्यातली म्हातारी माणसं चष्मा सावरत पाच-दहा रुपयांची पुस्तकं घेऊन जातात. त्यांत त्या दिवशीचे लोक दर वर्षी कमी होत जातात. माझी आजीही त्यांत होती, आता नाही. आम्ही तिच्यासाठी पान वाढलं नाही. तिनं जे सोडलं ते तिच्या नावानं परत घरात आणलं असतं, तर तो तिचा अपमान झाला असता.

इतिहासाच्या पुस्तकांत बाबासाहेब आहेत, चंद्रमणी आहेत, गोडबोले आहेत. त्या दिवशी मागं उभी असलेली लाखो माणसं बहुतेक नावाविना आहेत. तुमच्या घरात, आळीत, विहारात त्यांतलं कुणी अजून असेल, तर या आठवड्यात त्यांच्यापाशी जाऊन बसा. कुठल्या गावाहून निघालात, गाडीभाडं कशातून काढलं, कुणाचा हात धरून मैदानात शिरलात, देव कुठल्या पाण्यात सोडले, त्यानंतर घरात काय झालं, ते विचारा. ते सांगतील त्या बोलीत, त्यांच्या पूर्ण नावानिशी, वहीत लिहून घ्या. ती वही घरात जपून ठेवा आणि तिची एक प्रत विहारात द्या.